हिंगणघाट : नागपूर पाऊणशे किलोमीटरवर असताना

वर्धा जिल्ह्यातलं हिंगणघाट म्हटलं की कापूस आठवतो. वणा नदीकाठच्या याच गावात, भारताची मोजणी सुरू करणाऱ्या कर्नल विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे, हे मात्र विदर्भातही थोड्यांनाच ठाऊक. मोजणीचं हैदराबादचं ठाणं नागपूरला हलवायला तो निघाला होता. वय सत्तरीच्या घरात. नागपूर पाऊणशे किलोमीटरवर राहिलं आणि २० जानेवारी १८२३ रोजी त्याने इथेच प्राण सोडला.

लॅम्ब्टनची ही भारत मोजायची मोहीम १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सुरू झाली. पहिली साडेसात मैलांची आधाररेषा मोजायलाच ५७ दिवस लागले. साखळी शंभर फुटांची, अडीच फुटी चाळीस पोलादी दांड्या जोडून केलेली. खरं तर ती चीनच्या बादशहासाठी नजराणा म्हणून गेली होती, त्याने नाकारली. उन्हाने पोलाद वाढतं, म्हणून ती लाकडी पेट्यांत पसरून ठेवायची, शेजारी तापमापी लावायचे आणि त्या वाढीचाही हिशेब धरायचा. पुढे कोन मोजणारा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट टेकड्यांवर, गोपुरांवर चढवत त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर दोर तुटून हे यंत्र आपटलं, तेव्हा लॅम्ब्टनने सहा आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केलं.

खरा घात तापाने केला. १८१९ च्या पावसाळ्यात कृष्णा-गोदावरीच्या मधल्या रानात त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट आणि जवळजवळ अख्खा तळ आडवा झाला. आजाऱ्यांना आणायला हैदराबादहून हत्ती आणि पालख्या धाडाव्या लागल्या. काही जण वाटेतच गेले. निशाणं धरणारे, झाडी तोडणारे, ओझी वाहणारे ते खलाशी. लॅम्ब्टनला निदान कबर तरी मिळाली, यांची साधी नावंही कुणी जपली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

लॅम्ब्टननंतर एव्हरेस्टने १८४१ पर्यंत त्रिकोणांची ही रेषा हिमालयाच्या पायथ्याशी नेली. कन्याकुमारीपासून सुमारे २४०० किलोमीटर! १८६५ मध्ये सर्वोच्च शिखराला त्याचं नाव मिळालं. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे याच मोजणीवर उभे राहिले.

हिंगणघाट नागपूर-हैदराबाद महामार्गावरच आहे, रेल्वेस्थानकही आहे. शाळांच्या सहली इथे आल्या पाहिजेत. आणि मुलांना लॅम्ब्टनबरोबर त्या खलाशांबद्दलही सांगितलं गेलं पाहिजे.