काट्यावरचा कापूस आणि पुतणीची हत्यारे

वणीचे नाव काढले की बाहेरगावच्या माणसाला कापूस आठवतो, नाहीतर कोळसा. वाचनाचा नाद असलेला कोणी असेल तर तो एवढे अधिक सांगतो की, लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० साली याच गावचा. पण येथे एखादी मुलगी घरच्या माडीवर बसून जिनिंगच्या काट्यासाठी वेब ॲप्लिकेशन रचीत असेल, हे काही कोणाच्या ध्यानीमनी येत नाही. माझ्या थोरल्या भावाची मुलगी गेले सहा महिने हेच करीत होती. त्या उद्योगातला मला सर्वांत रंजक वाटलेला भाग म्हणजे तिने हत्यारे कशी निवडली हा, आणि तोच आज वाचकांना सांगावयाचा आहे.

वेब ॲप्लिकेशन म्हणजे काय, हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या गृहिणीने घरबसल्या रेल्वेचे तिकीट काढले तिने ते वापरलेच आहे. पुढे ब्राउझरमधले पान, मागे हिशेबाची वही, आणि दोघांमध्ये निरोप पोहोचविणारा एक कारभारी. गावातल्या एका जिनिंगवाल्या गृहस्थांना हेच हवे होते. कापसाची गाडी काट्यावर आली की भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, ओलावा, भाव आणि शेतकऱ्याची पावती. ओलाव्याचे महत्त्व शहरी वाचकांना ठाऊक नसेल. आठ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भाव उतरू लागतो, आणि बारापुढे सीसीआय तो कापूस घेतच नाही. तेव्हा पावतीवरच्या एका आकड्याला किती किंमत आहे ते पाहा!

दसऱ्यापर्यंत काटा चालू झाला तर ठीक, नाहीतर मुकाट्याने पुण्याला जाऊन नोकरी पाहावयाची, असा करार बापलेकीत झाला होता. साहजिकच वहिनींचा सगळा जीव त्या काट्यात अडकला होता.

आता हत्यारांकडे वळू. शेतकरी पेरणीला तिफण घेतो, वखर घेत नाही, आणि याबद्दल त्याला कोणी व्याख्यान द्यावे लागत नाही. संगणकाच्या धंद्यात मात्र प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातात आपलीच तिफण देऊ पाहतो. पुण्याच्या मावसभावाने दूरध्वनीवरून बजावले की, डॉकरशिवाय हल्ली कोणी काम करीत नाही. डॉकर २०१३ साली निघाले. सारे सामान एका बंद डब्यात भरून तो डबा कोणत्याही यंत्रावर उघडावयाचा, ही त्यामागची युक्ती, आणि युक्ती फार चांगली आहे यात शंका नाही. पण आमच्या पुतणीचा लॅपटॉप दुसऱ्या हाताचा, चार जीबी स्मृतीचा. अशा यंत्रावर विंडोजही चालवावयाचे आणि त्यावर डॉकरही, म्हणजे एका सायकलवर चौघांनी बसण्यासारखे. तिने विंडोज काढून हलक्या अंगाचे लिनक्स घातले आणि डब्याचा विचार सोडून दिला.

“काका, आपल्याला एकाच ऑफिसात हे बसवायचंय. डबा घेऊन जायचं कुठे?”

हा प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटला.

मजकूर लिहावयाच्या हत्याराला एडिटर म्हणतात. त्यात तिने व्हिज्युअल स्टुडिओ कोड घेतले. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली बाहेर काढलेले, फुकट, आणि शिकविणारे जागोजागी भेटतात. याची एक गंमत आहे. याच्या आधी २०१४ साली गिटहब या कंपनीने ॲटम नावाचा एडिटर काढला होता. त्यासाठी जो पाया घातला गेला, त्याच पायावर व्हिज्युअल स्टुडिओ कोडची इमारत उभी राहिली. पुढे २०१८ साली मायक्रोसॉफ्टने गिटहबच विकत घेतली आणि १५ डिसेंबर २०२२ रोजी ॲटम बंद झाला. भाडेकरूने घर घ्यावे आणि मालकाच्या मुलाला बाहेर काढावे, असलाच प्रकार! तेव्हा फुकटच्या हत्याराचा मालक कोण, ही चौकशी केलेली बरी. पुतणीचे म्हणणे असे की, एडिटर बदलला तरी लिहिलेला मजकूर आपलाच राहतो, म्हणून तेथे फार खल करू नये. खल करावयाचा तो भाषेचा आणि वहीचा.

भाषेच्या बाबतीत तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक नोडची. ब्राउझरातली जावास्क्रिप्ट भाषाच मागच्या कारभाऱ्यालाही शिकवावयाची, म्हणजे एकाच भाषेत काम भागते. या वाटेवर लोकांनी लिहून ठेवलेल्या लहान लहान तुकड्यांचे अफाट भांडार आहे. पण मार्च २०१६ मध्ये एक मौज झाली. एका लेखकाने रागावून आपले तुकडे भांडारातून काढून घेतले. त्यात अवघ्या अकरा ओळींचा एक तुकडा होता, ‘लेफ्टपॅड’ नावाचा. शब्दाच्या डाव्या बाजूला रिकामी जागा भरणे, एवढेच त्याचे काम. पण त्यावर इतरांनी इतके मजले चढविले होते की, जगभर मोठमोठ्यांची कामे काही तास अडली. शेजारणीने विरजण दिले नाही म्हणून साऱ्या आळीचे ताक बंद!

दुसरी वाट पायथॉन भाषेची, आणि तीवरच्या जँगो या चौकटीची. जँगोचा जन्म अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला आणि २००५ साली तो सर्वांसाठी खुला करण्यात आला. आज सांगितले आणि संध्याकाळी पान तयार पाहिजे, अशा घाईतून जन्मलेले हत्यार असल्यामुळे त्यात नोंदी भरण्याची, दुरुस्त करण्याची, कोणाला काय दिसावे हे ठरविण्याची पाने बहुतेक तयारच मिळतात. दसरा डोळ्यांपुढे असलेल्या माणसाला आणखी काय हवे? तिने जँगो घेतला.

मधल्या काळात तिने मुंबईच्या फ्रापे या कंपनीचे ईआरपीनेक्स्टही तपासून पाहिले. तेही पायथॉनवरच उभे आहे, खुले आहे, आणि आपल्या मुंबईत तयार झालेले हे काम परदेशांतही वापरले जाते, याचा मला अभिमान वाटतो. पण त्यात कारखान्याचा, पगाराचा, मालसाठ्याचा सगळाच संसार मांडलेला. तिला हवी होती एक पावती.

वहीसाठी, म्हणजे डेटाबेससाठी, तिने पोस्टग्रेस घेतले. एसक्यूलाइट त्याहून सुटसुटीत. आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ते असतेच. पण त्यात एका वेळी एकाच हाताला लिहिता येते, आणि काट्यावर एक जण लिहिणार, गल्ल्यावर दुसरा. घरी शिकताना एक वही आणि ऑफिसात दुसरी, हेही तिला पसंत नव्हते. जे तिकडे चालावयाचे तेच माडीवर चालले पाहिजे, हा तिचा हट्ट, आणि तो शेवटी कामी आला.

कसा, ते सांगतो. ऑगस्टमध्ये तिने शेतकऱ्यांची नावे भरून पाहिली, तर ‘बऱ्हाटे’ हे आडनाव शोधूनही काही नोंदी सापडेनात. कागदावर अक्षर अगदी एकसारखे. दोन दिवस ती जेवणाच्या ताटावरही गप्प होती. मग उलगडा झाला. आपल्या मराठीचा हा जो अर्धा ‘ऱ’ आहे, तो युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्याला एकच दिसतो, यंत्राला दोन वाटतात. एका कीबोर्डवरून एक निघतो, दुसऱ्यावरून दुसरा. म्हणजे एकाच शेतकऱ्याची दोन खाती झाली असती, आणि अर्धे पैसे न दिसणाऱ्या खात्यात जाऊन बसले असते! ज्या वऱ्हाडाच्या नावातच हा ‘ऱ’, तेथे ही अडचण केवढी! नाव वहीत जाण्यापूर्वीच दोन्ही तऱ्हांचे एका तऱ्हेत रूपांतर करावयाचे, असा चार ओळींचा उपाय तिने लिहिला. तिने घेतलेली हत्यारे ते आपणहून करीत नाहीत.

जुन्या मजकुराकडे परतता यावे म्हणून गिट. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आधीचे हत्यार फुकट मिळेनासे झाल्यावर २००५ च्या एप्रिलमध्ये अवघ्या काही दिवसांत ते उभे केले. त्याचा वणीच्या दृष्टीने मोठा गुण हा की, सारा इतिहास आपल्याच यंत्रात राहतो, इंटरनेट असो वा नसो. जूनमधल्या वादळी पावसात आमच्याकडे वीज आणि इंटरनेट जोडीने जातात. तेवढ्या काळात तिचे काम एक दिवसही मागे पडले नाही.

जिनिंगच्या मुनीमजींनी पहिल्याच भेटीत विचारले होते, “बाई, तुमचं ते इंटरनेट गेलं तं गाड्या काट्यावर उभ्याच राहतीन काय? पावती कशी निंघन?” म्हणून तिने सारा कारभार ऑफिसातल्याच एका संगणकावर बसविला. काटा आणि गल्ला त्याच्याशी तारेने जोडले. बाहेरची लाइन गेली तर आतले काही अडत नाही. रोज रात्री वहीची एक नक्कल पेन ड्राइव्हवर उतरते आणि मुनीमजी ती घरी नेतात.

दसऱ्याच्या आधी आठ दिवस पहिली गाडी काट्यावर चढली. पावती निघाली. मुनीमजींनी ती उजेडात धरली, वजन वाचले, ओलावा वाचला, आणि अक्षर जरा मोठे करा म्हणाले. तेवढे तिने तिथेच उभ्या उभ्या करून दिले. भावाने पुण्याचा विषय अजून काढलेला नाही. दरम्यान शेजारच्या एका डाळ मिलचे मालक दोनदा घरी येऊन चहा पिऊन गेले, आणि वहिनींनी माडीवर एक जास्तीची खुर्ची नेऊन ठेवली.