लघवीची नळी : घरची निगा आणि जंतुसंसर्गाचा प्रश्न

प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे लघवी तुंबलेले वृद्ध, मणक्याच्या दुखापतीने कमरेखालची संवेदना गमावलेले तरुण, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले रुग्ण आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर नुकतेच घरी परतलेले अनेक जण यांच्या दिनक्रमात लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, आणि तिला जोडलेली पिशवी या दोन वस्तू कधी काही दिवसांसाठी तर कधी काही वर्षांसाठी येतात. रुग्णालयातून घरी सोडताना नळी कशी सांभाळायची हे बहुधा दोन-चार वाक्यांत सांगितले जाते आणि पुढचा सगळा भार पत्नी, मुलगा, सून किंवा ब्युरोतून आलेली मावशी यांच्यावर पडतो. त्यांना सूचना मिळतात, पण त्यांमागची कारणे मिळत नाहीत. आणि ज्याचे कारण कळलेले नाही असा नियम पहिल्याच अडचणीला मोडला जातो. म्हणून नियमांच्या आधी नळी शरीरात नेमके काय करते हे पाहणे आवश्यक आहे.

आज सर्वत्र वापरली जाणारी नळी फ्रेडरिक फोले या अमेरिकन मूत्ररोग शल्यविशारदाच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १९३० च्या दशकात प्रचारात आणलेल्या या नळीच्या टोकाशी एक लहान फुगा असतो. नळी मूत्रमार्गातून मूत्राशयात पोहोचली की त्या फुग्यात साधारणपणे १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरले जाते, आणि फुगलेला फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी अडकल्यामुळे नळी निसटत नाही. नळीची जाडी ‘फ्रेंच’ या एककात मोजतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर व्यास, त्यामुळे १६ क्रमांकाची नळी सुमारे सव्वापाच मिलिमीटर जाडीची असते. प्रौढांना बहुधा १४ किंवा १६ क्रमांकाची नळी पुरते. जाड नळीने लघवी अधिक चांगली वाहते हा समज चुकीचा असून, गरजेपेक्षा जाड नळी मूत्रमार्गाच्या नाजूक अस्तराला घासते आणि त्रास वाढवते.

निरोगी मूत्राशय स्वतःचे रक्षण स्वतः करतो. दर काही तासांनी तो पूर्ण रिकामा होतो आणि वाहत्या लघवीबरोबर मूत्रमार्गात शिरलेले जंतू बाहेर फेकले जातात. नळी बसली की ही धुऊन काढण्याची क्रिया थांबते. शिवाय लघवी आत घेणारी छिद्रे फुग्याच्या वरच्या बाजूला असल्यामुळे फुग्याभोवती थोडी लघवी कायम साठून राहते. जंतूंना वर चढण्यासाठी दोन वाटा मिळतात, एक नळीच्या बाहेरून, त्वचा आणि मूत्रमार्ग यांच्या कडेने, आणि दुसरी पिशवीकडून नळीच्या आतून. नळीच्या पृष्ठभागावर पोहोचलेले जंतू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून थर धरतात. बायोफिल्म नावाच्या या थरात प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक औषधे, नीट पोहोचत नाहीत. नळी आत असताना दर दिवशी सुमारे ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू दिसू लागतात आणि महिनाभरात ते जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत आढळतात, मग घरच्यांनी कितीही काळजी घेतलेली असो. हे वास्तव कुटुंबीयांना कोणी तरी स्पष्टपणे सांगायला हवे, कारण लघवीत जंतू निघाले म्हणजे आपलीच हयगय झाली अशा अपराधी भावनेने अनेक घरे उगाच पोळत राहतात.

काळजीने हा काळ मात्र निश्चितपणे लांबवता येतो. पूर्वी नळीचे दुसरे टोक उघड्या बाटलीत सोडले जाई आणि चार दिवसांच्या आत बहुतेक रुग्णांच्या लघवीत जंतू सापडत. नळी, जोडनळी आणि पिशवी यांची सलग बंद साखळी ठेवली तर हा काळ कितीतरी वाढतो, हे कॅल्विन कुनिन आणि रेजिना मॅककॉर्मॅक या अमेरिकन संशोधकांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. घरच्या निगेतील पहिला नियम यातूनच येतो, तो म्हणजे नळी आणि पिशवी यांचा सांधा विनाकारण उघडू नये. कपडे बदलताना, अंघोळ घालताना किंवा रुग्णाला खुर्चीत बसवताना सोयीसाठी पिशवी काढून ठेवण्याची सवय अनेक घरांत दिसते आणि तीच सर्वांत घातक आहे. दिवसा मांडीला बांधायची लहान पिशवी वापरणाऱ्यांनी रात्री ती न काढता तिच्या खालच्या तोटीला मोठी पिशवी जोडावी, म्हणजे मूळ सांधा बंदच राहतो. पिशवी साधारणतः पाच ते सात दिवसांनी बदलावी, आणि तेव्हा सांध्याच्या टोकांना बोट लागू देऊ नये.

दुसरा नियम उताराचा आहे. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर हवी, नाहीतर साठलेली लघवी जंतूंसह उलटी आत जाऊ शकते. येथे आपल्याकडील घरांची एक खरी अडचण पुढे येते. जो रुग्ण जमिनीवर गादी टाकून झोपतो, त्याची पिशवी त्याच्याच पातळीवर किंवा फरशीवर पडून राहते. अशा रुग्णासाठी भाड्याने का होईना, पण खाट आणणे हा चैनीचा खर्च नसून उपचाराचाच भाग आहे. पिशवी खाटेच्या न हलणाऱ्या पट्टीला टांगावी, ती जमिनीला टेकू नये, आणि नळी रुग्णाच्या अंगाखाली दबलेली किंवा पिळलेली नाही हे प्रत्येक कूस बदलताना पाहावे. रुग्णाला रिक्षात किंवा रुग्णवाहिकेत चढवताना पिशवी त्याच्या पोटावर ठेवण्याची पद्धत सोडून द्यायला हवी; निघण्यापूर्वी ती रिकामी करावी आणि खालीच धरावी. पिशवी अर्धी ते दोन तृतीयांश भरली की रिकामी करावी, कारण भरलेल्या पिशवीचे वजन नळीला ओढते. रिकामी करण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत, त्यासाठी वेगळे स्वच्छ भांडे ठेवावे आणि तोटीचे टोक भांड्याला टेकू देऊ नये.

स्वच्छतेसाठी साबण आणि पाणी एवढे पुरे असते. नळी जिथून शरीरात शिरते ती जागा रोज एकदा आणि शौचानंतर धुवावी. स्त्रियांमध्ये पुढून मागे असे पुसावे, म्हणजे गुदद्वाराजवळचे जंतू मूत्रमार्गाकडे ओढले जात नाहीत. पुरुषांमध्ये शिश्नाची त्वचा मागे घेऊन धुतल्यावर ती आठवणीने पुढे आणावी, अन्यथा ती मागेच अडकून सूज येऊ शकते. जंतुनाशक द्रावणे, पावडर आणि मलमे यांचा रोज वापर करून संसर्ग कमी होत नाही. नळीतून दररोज औषधी पाणी सोडून मूत्राशय धुण्याचा सल्लाही डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी दिला असेल तेव्हाच पाळावा, कारण त्यासाठी दर वेळी तोच बंद सांधा उघडावा लागतो.

नळी तुंबणे हा संसर्गाइतकाच गंभीर, पण कमी बोलला जाणारा त्रास आहे. प्रोटियस नावाचे जंतू लघवीतील युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात, त्यामुळे लघवी अल्कधर्मी होते आणि तिच्यातील मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे खडे नळीच्या छिद्रांवर बसून ती आतून बुजवतात. ज्याची नळी वारंवार तुंबते त्याच्या मूत्राशयात खडा आहे का हे तपासून घ्यावे. लघवी पातळ आणि वाहती ठेवण्यासाठी हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी बंधन घातले नसेल तर दिवसाला दोन ते अडीच लिटर द्रवपदार्थ पोटात जावेत. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात घामावाटे जाणारे पाणी लक्षात घेता ही गरज आणखी वाढते. पाणी, ताक, सरबत, पातळ पेज यांतले काहीही चालते. नळी असलेल्या रुग्णांना क्रॅनबेरीचा महागडा रस दिल्याने संसर्ग टळतो असे सिद्ध झालेले नाही, तेव्हा त्यावर पैसे घालवू नयेत.

पिशवीत लघवी येणे थांबले तर आधी नळी कुठे दुमडली आहे का ते पाहावे. दुमड नसेल आणि ओटीपोट दुखू किंवा फुगू लागले असेल तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा. कधी कधी मूत्राशय फुग्याला परका समजून जोराने आकसतो, रुग्णाला कळ येते आणि नळीच्या कडेने लघवी झिरपते. अशा वेळी अधिक जाड नळी घालण्याची मागणी केली जाते, पण बहुतेकदा बद्धकोष्ठ हे त्याचे कारण असते, कारण भरलेले मलाशय पुढच्या मूत्राशयावर आणि नळीवर दाब देते. आहारातील पालेभाज्या, फळे आणि गरजेनुसार सौम्य रेचक यांनी पोट साफ राहिले तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. उरलेल्यांसाठी आकसणे शांत करणारी औषधे आहेत. नळी मांडीला पट्टीने नीट बांधल्याने होणारी सोय इतकी मोठी आहे की ती प्रत्येक रुग्णाला मिळायलाच हवी. गोंधळलेल्या अवस्थेत रुग्णाने फुगा फुगलेला असताना नळी ओढून काढली तर मूत्रमार्ग फाटून रक्तस्राव होतो; म्हणून अशा रुग्णाला सैल पायजमा घालून नळी त्याच्या हाताला सहज लागणार नाही अशी ठेवावी.

सर्वाधिक गोंधळ लघवीच्या तपासणीच्या अहवालावरून होतो. लघवीत जंतू असणे आणि जंतूंमुळे आजार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळी असलेल्या माणसाची लघवी गढूळ दिसली, तिला उग्र वास आला किंवा तपासणीत जंतू वाढले, पण त्याला ताप नाही, वेदना नाहीत, तो नेहमीसारखा आहे, तर गर्भारपण आणि मूत्रमार्गावरील नियोजित शस्त्रक्रिया असे थोडे अपवाद वगळता प्रतिजैविके देऊ नयेत, असे जगभरातील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अशा औषधांनी जंतू काही दिवस दबतात आणि नंतर त्या औषधांना न जुमानणारे जंतू त्यांची जागा घेतात. मग खरोखर संसर्ग झाला तर तोंडाने घेण्याचे औषध शिल्लक राहत नाही. क्वचित पिशवी आणि जोडनळी चक्क जांभळी होते आणि घरचे हादरून जातात. बद्धकोष्ठ असलेल्या वृद्धांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, आतड्यात तयार झालेल्या द्रव्यांपासून लघवीतील जंतू निळा आणि लाल रंग बनवतात, त्याचा हा परिणाम असतो. डॉक्टरांना दाखवावे, पण केवळ रंगामुळे घाबरण्याचे कारण नाही.

घाबरावे असे प्रसंग वेगळे आहेत : थंडी वाजून ताप येणे, कुशीत किंवा ओटीपोटात दुखणे, लघवीतून रक्ताच्या गाठी जाणे, वृद्ध माणसाने अचानक असंबद्ध बोलू लागणे किंवा सुस्त पडणे. तपासणीसाठी लघवी कधीही पिशवीतून घेऊ नये, कारण तिथे तासन्‌तास साचलेल्या लघवीत जंतू बेसुमार वाढलेले असतात. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून नमुना घेतल्यास अहवाल विश्वसनीय ठरतो, आणि जंतूंचा जुना थर निघून गेल्याने औषधही चांगले लागू पडते. ज्यांच्या मणक्याला छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा झाली आहे, त्यांना नळी तुंबल्यावर ओटीपोटाची वेदना जाणवत नाही. त्याऐवजी डोके फुटल्यासारखे दुखते, चेहरा लाल होऊन घाम फुटतो आणि रक्तदाब झपाट्याने वाढतो. ही तातडीची अवस्था आहे. रुग्णाला उठवून बसवावे, नळीची अडचण लगेच दूर करावी आणि रुग्णालय गाठावे.

एवढे सारे पाळूनही संसर्ग टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गरज संपताच नळी काढणे हाच आहे. केवळ अंथरूण ओले होते म्हणून नळी घालून ठेवणे योग्य नाही. त्यासाठी डायपर, लघवीचे भांडे किंवा पुरुषांसाठी बाहेरून चढवायची कंडोम कॅथेटर असे पर्याय आहेत. प्रोस्टेटमुळे लघवी अडलेल्यांना टॅम्सुलोसिनसारखे औषध सुरू करून काही दिवसांनी नळी काढून पाहिली जाते आणि अनेकांना त्यानंतर लघवी होऊ लागते. काढण्याआधी काही दिवस नळीला चिमटा लावून मूत्राशयाला सवय लावण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे, पण तिचा फायदा अभ्यासांतून दिसलेला नाही. मूत्राशयाच्या नसा कायमच्या निकामी झालेल्यांसाठी दर चार ते सहा तासांनी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामा करण्याची पद्धत उत्तम ठरते. मिशिगन विद्यापीठातील जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की यासाठी शस्त्रक्रियागृहातले निर्जंतुक वातावरण लागत नाही, धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते, कारण ताणून भरलेल्या मूत्राशयाच्या भिंतीला रक्त कमी मिळते आणि तीच संसर्गाला बळी पडते. ज्यांना हे हाताने जमत नाही आणि नळी वर्षानुवर्षे लागणार आहे, त्यांच्या ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी बसवता येते. ती मूत्रमार्गाला घासत नाही आणि पती-पत्नींच्या शरीरसंबंधांतही अडथळा कमी येतो. मात्र ही नळी निघून आली तर वाट काही तासांतच बुजू लागते, त्यामुळे त्वरित रुग्णालयात जावे.

नळी असलेला माणूस अंघोळ करू शकतो, फिरू शकतो, लग्नाला जाऊ शकतो, एसटीने प्रवास करू शकतो. मांडीची पिशवी साडीखाली किंवा सैल विजारीत दिसत नाही. लाजेपोटी घरात कोंडून राहणारे आणि पिशवी लवकर भरू नये म्हणून पाणी कमी पिणारे रुग्ण स्वतःचा आजार ओढवून घेतात, आणि घरच्यांनी ही गोष्ट त्यांच्याशी मोकळेपणाने बोलायला हवी. नळी बदलण्याची मुदत तिच्या प्रकारावर अवलंबून असते. पूर्ण सिलिकॉनची नळी १२ आठवड्यांपर्यंत चालते, तर साध्या लेटेक्सची बरीच आधी बदलावी लागते. म्हणून प्रत्येक कुटुंबाने रुग्णालय सोडण्यापूर्वी नळी घातल्याची तारीख, तिचा प्रकार आणि क्रमांक, फुग्यात भरलेले पाणी, नळी घालण्याचे कारण आणि ती बदलण्याची किंवा काढण्याची तारीख डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावी, आणि दर भेटीत ती अजून लागतेच का हे विचारावे.