फवारणीतील सुरक्षिततेचा गाव-अहवाल

सन २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. उंच वाढलेल्या कपाशीत फवारा अंगावर येत होता. यास्तव प्रत्येक गावाने हंगामापूर्वी सर्वांच्या सहभागाने सुरक्षितता-अहवाल तयार करावा.

ग्रामपंचायत अधिकाऱ्याने शेतकरी, फवारणी करणारे मजूर, औषध-विक्रेते व आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांस एकत्र बोलवावे. तत्पूर्वी मजुरांचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकावे. काम जाण्याच्या भयाने मालकांसमोर ते गप्प राहतात. कोणती औषधे एकत्र मिसळली जातात, कोणास मळमळ वा अंधारी आली, हातमोजे कितींजवळ आहेत, डब्यावरील लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी हे कितींस ठाऊक आहे, हे नोंदवावे.

प्रत्येक उणिवेपुढे उपाय, जबाबदार व्यक्ती व मुदत लिहून अहवाल ग्रामसभेत वाचावा. एक प्रत आरोग्य केंद्रात द्यावी. गावात कोणती औषधे वापरली जातात हे डॉक्टरांस आधीच ठाऊक असल्यास उपचारास विलंब होत नाही.