कुमारी माता: एका शब्दाचा मागोवा

झरी जामणी तालुक्याचं नाव यवतमाळबाहेर पोचलं ते कापसामुळे नव्हे. ‘कुमारी माता’ या दोन शब्दांमुळे पोचलं. कितीतरी वर्षं इथल्या कोलाम-गोंड मुलींच्या बातम्या याच मथळ्याखाली छापून येत राहिल्या. विधिमंडळात चर्चा झाली, महिला आयोगाने दखल घेतली, पाहणी करणारे येऊन गेले, मुली मोजल्या गेल्या. मला मात्र हा शब्दच सलत राहिला. कुमारी तीच आणि मातासुद्धा तीच. मग तो कुठे आहे?

घडत आलं ते साधारण असं. शाळा सुटलेली चौदा-सोळा वर्षांची पोर कापूस वेचायला किंवा ठेकेदाराच्या कामावर जाते. तिथे कुणीतरी गोड बोलतो. तो ठेकेदाराचा माणूस असतो, ट्रकवाला असतो, व्यापारी असतो, कधी आपल्याच गावातला असतो. बांगड्या येतात, मोबाइलमध्ये रिचार्ज येतो, आणि ‘तुह्यासंगंच लगन करीन’ हा शब्द येतो. दिवस गेले की माणूस दिसेनासा होतो. सीमा ओलांडली की पलीकडे तेलंगणच. अंगावर वळ नसतात, म्हणून याला हिंसा म्हणायला कुणी धजत नाही. ‘फसली बिचारी’ म्हणून पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, गप्प बसतो. मी याला हिंसाच म्हणते. अल्पवयीन पोरीचा विश्वास वापरून तिचं शरीर घेणं आणि मूल तिच्या पदरात टाकून निघून जाणं, याला दुसरं नाव नाही.

प्रेम केलं हाच मुलीचा गुन्हा, ही समजूत विदर्भात जुनी आहे. २६ मार्च १९७२ ला तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. तिचं नाव मथुरा, म्हणून तो मथुरा खटला. डॉक्टरांच्या मते तिचं वय चौदा ते सोळा. एका तरुणाशी तिचं जुळलं होतं, तिच्या भावाने त्याबद्दल तक्रार केली, म्हणून ती ठाण्यात आली होती. सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचं म्हटलं आणि आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, ती १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. अंगावर जखमा नाहीत, हे तिथे एक कारण होतं. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पत्र लिहिणाऱ्यांत वसुधा धागमवार होत्या. वळ नाहीत म्हणजे जबरदस्ती नाही, ही मोजपट्टी मात्र झरीच्या मुलींना अजून लावली जाते.

वळ दिसले तरी आपण नीट बघतो असंही नाही. १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीची परीक्षा देणाऱ्या मुलीला परीक्षा केंद्रातच जाळण्यात आलं. त्यानंतर ‘एकतर्फी प्रेमातून’ हे शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या अंगवळणीच पडले. खुनाच्या बातमीत प्रेम हा शब्द कशासाठी? २०१६ चा ‘सैराट’ सगळ्यांनी पाहिला. गाणी पाठ झाली, शेवट अंगावर आला. पण पळून गेलेला परश्या संशयाने आर्चीवर हात उगारतो, त्या प्रसंगावर घराघरात किती बोललं गेलं? त्याच वयाची मुलं आज एकमेकांचा पासवर्ड मागतात, ‘कुणाशी बोलत होतीस’ विचारतात, फोटो पसरवायची धमकी देतात. तिला ही पाळत काळजी वाटते. त्यालाही तसंच वाटतं, आणि वेगळं सांगायला घरात कुणी नसतं.

कायदा पुढे सरकला, हे खरं. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला आणि अठराखालच्या मुलीची संमती कायद्याच्या लेखी संपली. त्यातून एक पेचही आला. डॉक्टरला पोलिसांना कळवणं भाग असल्याने मुली दवाखान्यात जायलाच घाबरू लागल्या. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची आणि तिच्या पालकाची विनंती असेल, तर कळवताना डॉक्टरने तिचं नाव उघड करण्याची गरज नाही. त्याआधी २०१५ मध्येच त्याच न्यायालयाने म्हटलं होतं की अविवाहित आईने मुलाच्या जन्मदाखल्यासाठी अर्ज केला, तर बापाचं नाव न मागता तो द्यावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार लग्नाचं खोटं वचन देऊन शरीरसंबंध ठेवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे निकाल पोडापर्यंत कुणी नेले? शाळेत नाव घालायला आई मुलाचा हात धरून उभी असते. अर्जावर ‘वडिलांचे नाव’ हा रकाना असतो. पेन तिथे थांबतं. आजूबाजूचे बघतात. मूलही बघतं.

झरी, पाटण, मुकुटबन भागातल्या आश्रमशाळांमधल्या शिक्षकांना, अधीक्षिकांना आणि गावोगावच्या आशाताईंना माझी विनंती आहे. पोरगी गप्प गप्प राहू लागली तर तिला रागावू नका, जवळ बसवा. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा नंबर तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या. आणि कुमारी मातांची पुढची यादी करायला कुणी आलं, तर त्या यादीत निघून गेलेल्या ‘त्या’चंही नाव लिहायला लावा.