लसीका तंत्र

लसीका तंत्र : शरीरातील ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांत) साचणारा जादा द्रव रक्तात परत नेणाऱ्या आणि वाटेत त्यातील सूक्ष्मजंतू अडविणाऱ्या वाहिन्या व ग्रंथी यांच्या व्यवस्थेस लसीका तंत्र म्हणतात. प्लीहा, यौवनलोपी ग्रंथी व गिलायू (टॉन्सिल) यांचाही त्यात समावेश होतो.

रक्ताच्या केशवाहिन्यांतून पाणी, लवणे व थोडी प्रथिने बाहेर पाझरतात. त्यांपैकी जो भाग लसीका वाहिन्यांत शिरतो, त्यास लसीका म्हणतात. प्रौढ व्यक्तीत दररोज सुमारे २ ते ४ लि. लसीका रक्तात परत येते. ती फिकट व पारदर्शक असते. मात्र आतड्याकडून येणारी लसीका भोजनानंतर वसेमुळे (स्निग्ध पदार्थांमुळे) दुधासारखी दिसते. या तंत्राला हृदयासारखा पंप नसतो. वाहिन्यांच्या भित्तींचे आकुंचन, स्नायूंच्या हालचाली व श्वसन यांमुळे लसीका पुढे सरकते आणि झडपांमुळे मागे फिरत नाही. शेवटी ती मानेच्या तळाशी असलेल्या मोठ्या नीलांत मिसळते. हत्तीरोगात कृमींमुळे या वाहिन्या निकामी होऊन पाय सुजतो. विदर्भातील काही जिल्ह्यांत हा रोग दीर्घकाळ आढळत आला आहे.

लसीका ग्रंथी : वाहिन्यांच्या मार्गावर घेवड्याच्या दाण्यासारख्या शेकडो ग्रंथी असून मान, काख व जांघ येथे त्यांचे पुंजके असतात. त्यांतील भक्षिकोशिका जंतू गिळतात, तर लसीका कोशिकांमुळे प्रतिपिंडे तयार होतात. या कामात ग्रंथी सुजतात. पायाच्या जखमेनंतर जांघेत येणारे अवधाण हे याचे नेहमीचे उदाहरण होय. क्षयरोगात मानेत होणाऱ्या गंडमाळा याही लसीका ग्रंथीच असतात.

प्लेगमध्ये हीच संरक्षक चौकी जंतूंच्या हाती पडते. बाधित पिसू पायाला चावल्यास जंतू लसीका वाहिन्यांतून जांघेतील ग्रंथीत पोहोचतात. भक्षिकोशिकांनी गिळल्यावरही काही जंतू जिवंत राहून तेथेच वाढतात. ग्रंथी सुजून अतिशय वेदना होतात व पुढे जंतू रक्तात शिरतात. यावरूनच ‘गाठीचा प्लेग’ हे नाव पडले.

ही साथ १८९६ मध्ये मुंबईत व पुढे पुण्यात पसरली. १० मार्च १८९७ रोजी रुग्णसेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले यांचे पुण्यात निधन झाले. रोगी ओळखण्याची मुख्य खूण गाठ हीच असल्याने काखा व जांघा तपासल्या जात. सैनिकांकरवी, घरात शिरून झालेली ही तपासणी लोकांना, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, असह्य अपमानाची वाटली. त्या असंतोषातून २२ जून १८९७ रोजी प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावर दामोदर चाफेकर यांनी गोळी झाडली. जंतूचा शोध १८९४ मध्येच लागला होता; परंतु पिसूंमुळे प्रसार होतो, हे पॉल लुई सीमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले. म्हणजे पुण्यात गाठी तपासल्या जात असताना रोग कसा पसरतो, हे तपासणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. आता वेळीच प्रतिजैव औषधे दिल्यास गाठीचा प्लेग बहुधा बरा होतो.