उताराला चढ म्हणणारा डोळा

लेहहून श्रीनगरच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर, निम्मू गावाच्या अलीकडे, ‘मॅग्नेटिक हिल’चा फलक दिसतो. रस्त्यावर रंगवलेल्या चौकटीत गाडी उभी करायची, न्यूट्रलला टाकायची आणि ब्रेक सोडायचा. समोरचा रस्ता चढणीचा दिसत असतो, आणि गाडी मात्र त्या चढाकडेच सरकू लागते. लडाखच्या सहलीला आलेली मराठी मंडळी इथे हमखास उतरतात आणि डोंगराच्या पोटात लोहचुंबक असल्याची गोष्ट घेऊन घरी परततात.

ही गोष्ट पारखायला बाटलीभर पाणी पुरतं. चुंबक पाण्याला ओढून नेत नाही, तरी त्या रस्त्यावर ओतलेलं पाणी गाडी जाते तिकडेच जातं. छत्तीसगडमधल्या मैनपाटला तर एका ओहळाचं नावच ‘उलटा पानी’ आहे; बघणाऱ्याला तो चढाने वाहताना दिसतो. पण पाणी कधी चढ चढत नाही. ते जिकडे जातं तिकडे उतार, एवढं मान्य केलं की कोडं डोंगरातून निघून आपल्या डोळ्यांत येतं.

स्कॉटलंडमधल्या एअरशायरच्या किनाऱ्यावर, डन्यूर आणि क्रॉयच्या दरम्यान, असाच एक रस्ता आहे : इलेक्ट्रिक ब्रे. ‘ब्रे’ म्हणजे टेकडीची चढण. टेकडीत विजेचं किंवा चुंबकाचं आकर्षण आहे, असा लोकांचा समज होता, त्या काळातलं हे नाव. आज तिथल्या शिळेवर मोजणीच कोरलेली आहे. सुमारे ४०० मीटरच्या पट्ट्याचं एक टोक समुद्रसपाटीपासून २८६ फुटांवर, दुसरं ३०३ फुटांवर. चढ ८६ ला १. आजूबाजूच्या जमिनीच्या ठेवणीमुळे तो उलटा दिसतो, हेही शिळेवर लिहिलं आहे. ८६ ला १ म्हणजे अंशाच्या दोन तृतीयांशाएवढा कल. पण हजार किलोच्या गाडीला तो सुमारे साडेअकरा किलो वजनाएवढ्या जोराने खाली ओढतो, आणि चाकं मोकळी असतील तर गाडी हलायला तेवढं पुरतं.

डोळा इतका कसा फसतो? पाओला ब्रेसान, लुइजी गार्लास्केल्ली आणि मोनिका बाराकानो या इटालियन संशोधकांनी टेबलावर अशा रस्त्यांच्या प्रतिकृती मांडून हे तपासलं. त्यांचा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांना आढळलं की उतार ठरवताना माणूस क्षितिजाचा आधार घेतो. सपाट मुलखात किंवा समुद्रकाठी खरं क्षितिज समोर असतं. डोंगरात ते झाकलेलं असतं, मग कडेच्या कललेल्या जमिनीला किंवा समोरच्या डोंगररेषेलाच नजर आडवं धरते. दुसरं कारण शेजारचं. तीव्र उतारानंतर मंद उतार आला की तो चढासारखा भासतो. पायरी चुकली की पुढची सगळी मोजणी चुकते, तसं हे आहे.

मग शरीराला तरी कळायला नको का? आंतरकर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे आहेत; डोकं कललं की ते सरकतात आणि मेंदूला खबर जाते. पण अंशाहूनही लहान कलाची त्यांची कुजबुज डोळ्यांच्या ठाम साक्षीपुढे टिकत नाही.

जपानी गणितज्ञ कोकिची सुगिहारा यांनी हाच भास हाताने घडवला. त्यांच्या प्रतिकृतीतले चेंडू चार उतरणींवरून वर, मध्याकडे चढताना दिसतात; कोन बदलून पाहिलं की त्या उतरणी खऱ्या कुठे झुकल्या आहेत ते कळतं. या कृतीला २०१० साली जगातल्या सर्वोत्तम दृष्टिभ्रमाचा पुरस्कार मिळाला. पण याच विषयाला रोजच्या जगण्याची एक बाजूही आहे. जपानच्या द्रुतगती मार्गांवर उतार संपून मंद चढ सुरू होतो तिथे चालकांना तो बदल जाणवत नाही. वेग नकळत उतरतो, मागचा ब्रेक दाबतो, त्याच्या मागचा आणखी जोरात, आणि कोंडी होते.

म्हणूनच मला आपल्या गवंड्याचं शहाणपण मोठं वाटतं. आयुष्यभर भिंती रचलेला माणूसही उभी रेघ ओळंब्याने आणि आडवी पाणसळीनेच ठरवतो. लांबची पातळी जुळवायची तर पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरतो. स्वतःच्या नजरेवर अविश्वास दाखवण्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

लडाखला जाल तेव्हा त्या चौकटीपाशी जरूर थांबा. हमरस्ता आहे, मागची वाहनं बघा. इंजिन बंद करू नका, कारण त्यासोबत ब्रेकची आणि स्टिअरिंगची ताकदही जाते. पोरांना आधी रस्त्याच्या कडेला पाण्याची धार सोडायला सांगा आणि मग गाडी सोडा. दोन्ही एकाच दिशेने जातील. कारण कळल्यावरही रस्ता चढणीचाच दिसत राहील. तेव्हा पोरांना विचारा, खरं कोण बोलतंय, डोळा की पाणी?