म्हाताऱ्या कोंबडीची करामत

अंडी द्यायची थांबलेली कोंबडी काय कामाची? मांस चिवट, सांधे ताठ, हाडं टणक. तळली तरी चाववत नाही आणि भाजली तरी तीच गत. पण अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या शेतकरी घरांनी याच कोंबडीतून थंडीतलं आपलं सगळ्यात लाडकं जेवण उभं केलं: चिकन अँड डम्पलिंग्ज. कोंबडीचा दाट, पांढुरका रस्सा आणि त्यातच शिजलेले मैद्याचे मऊ गोळे. मसाला म्हणाल तर मीठ, मिरपूड, कांदा, सेलरी आणि फार तर एखादं तमालपत्र. एवढ्या साध्या पातेल्यात काय काय घडत असतं हे बघायला लागलं की थक्क व्हायला होतं.

म्हातारीच का, कोवळी का नाही? एक कारण सरळ पैशाचं. जादा झालेले कोवळे नर तळणीला जायचे, पण माद्या अंड्यांसाठी राखायच्या. अमेरिकेत निव्वळ मांसासाठी कोंबड्या वाढवण्याच्या धंद्याची सुरुवात बहुतेक जण 1923 सालापासून धरतात, आणि ती एका चुकीतून झाली. डेलावेअर राज्यातल्या सिसिल स्टील या बाईंनी अंड्यांसाठी 50 पिल्लं मागवली होती; आली 500! बाईंनी ती परत न करता वाढवली, मांसासाठी विकली, आणि त्यात एवढा फायदा झाला की पुढच्या खेपेला मुद्दाम जास्त मागवली. त्याआधी अंडी देणारी मादी पातेल्यात यायची ती अंडी संपल्यावरच.

दुसरं कारण कोंबडीच्या कातडीत आणि सांध्यांत दडलेलं आहे, आणि ते मला जास्त मोहात पाडतं. तिथे कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. त्याचे तीन धागे एकमेकांभोवती वेणीसारखे घट्ट वळलेले असतात. कोंबडी जितकी वयस्क, तितक्या या वेण्या एकमेकींना जास्त गाठी मारून बसतात. म्हणून तर ती चिवट! पण तिला पाण्यात, उकळीच्या जरा खाली, दोन-तीन तास ठेवा. वेण्या सुटतात, धागे मोकळे होऊन पाण्यात उतरतात, आणि आता त्यांचं नाव जिलेटिन. दातांना नकोसा असलेला चिवटपणाच रस्स्याला अंग देतो. गावठी कोंबडीला वेळ का लागतो आणि तिच्या अळणीला जो ओठ चिकटवणारा दाटपणा येतो तो कुठून येतो, त्याचंही उत्तर हेच.

पुरावा हवा? तो रस्सा गाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर पिवळ्या चरबीचा थर आणि खाली थरथरणारी जेली! भांडं तिरकं केलं तरी ओघळत नाही. आणि आता यातली खरी गंमत. ही जेली वितळते साधारण 35 अंशांना. आपलं तोंड त्याहून किंचितच गरम. जिभेवर ठेवलेला तुकडा चावण्याआधीच पाणी होतो, तो यामुळे.

आच मंदच का ठेवायची? पाणी खदखदलं की चरबीचे बारीक बारीक थेंब होऊन रस्सा गढूळ होतो, आणि मांसाचे तंतू पिळून निघून कोरडे पडतात. इथे घाई करून काहीच हाती लागत नाही.

आता गोळे. मैदा, मीठ, थोडं लोणी, दूध किंवा ताक, आणि बेकिंग पावडर. मैदाही कुठलाही नाही चालत. दक्षिणेत पेरतात तो हिवाळी गहू मऊ जातीचा, प्रथिनं कमी असलेला. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये 1883 साली सुरू झालेली व्हाइट लिली ही गिरणी याच मैद्यासाठी प्रसिद्ध झाली. प्रथिनं कमी म्हणजे ग्लूटेनची ताण धरणारी जाळी कमी, म्हणजे गोळा मऊ. तरीही पीठ मळायचं नाही, चमच्याने जेमतेम एकत्र करायचं. मळलं की जाळी घट्ट झालीच.

आणि ही बेकिंग पावडर! हार्वर्डमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांना असं आम्ल हवं होतं, जे कोरड्या पुडीत खाण्याच्या सोड्याशेजारी गुण्यागोविंदाने राहील आणि पाणी लागलं की मगच त्याच्याशी भिडून वायू सोडेल. त्यांनी ते शोधलं आणि 1856 साली त्याचं पेटंट घेतलं. मोनोकॅल्शियम फॉस्फेट त्याचं नाव. सुरुवातीला ते कशापासून बनवत असतील? जनावरांच्या हाडांपासून! हाडांवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून. पुढे खाणीतलं फॉस्फेट मिळायला लागलं तेव्हा हाडं सुटली. पण मधल्या काही वर्षांत घरोघरी पातेल्यात जे शिजत होतं त्याची कल्पना करून बघा: खाली रस्स्याला अंग देणारी हाडं आणि वर गोळ्याला हलकं करणारीही हाडंच.

गोळे चमच्याने रस्स्यावर सोडायचे, घट्ट झाकण लावायचं आणि पंधरा मिनिटं उघडायचं नाही. तिथल्या आज्या या नियमाबाबत फार कडक असतात, आणि त्यांचं अगदी बरोबर आहे. गोळा अर्धा रस्स्यात बुडालेला, अर्धा वर. खालचा भाग रस्सा शिजवतो, वरचा कोण शिजवणार? वाफ. बर्फाइतक्या गार एक ग्रॅम पाण्याला उकळीपर्यंत न्यायला 100 कॅलरी उष्णता लागते. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे 540. ही सगळी उष्णता वाफ स्वतःत घेऊन फिरते, आणि गार पिठावर टेकून पुन्हा पाणी होताना तिथेच सोडून देते. झाकण उघडलंत तर हा साठा हवेत गेला. आत बुडबुडे फुगलेले आहेत, पण त्यांच्या भिंती अजून कच्च्या आहेत; त्या बसतात आणि गोळ्याचा घट्ट गठ्ठा होतो.

नीट झालेला गोळा चमच्याने मोडून पाहा. खालची बाजू गुळगुळीत, रस्सा प्यायलेली. मध्ये पावासारखी जाळी. वरची बाजू कोरडी, मऊ, पांढरी. खरपूस डाग एकही नाही! अर्थातच, पाण्यावाफेच्या भांड्यात तापमान 100 अंशांच्या वर जात नाही, आणि पावाच्या कवचावर येतो तसा रंग धरायला त्याहून पुष्कळ जास्त लागतं.

दक्षिणेत, विशेषतः डोंगराळ ॲपलेशियात आणि कॅरोलायनांत, फुगीर गोळे न मानणारी घरंही आहेत. ती पीठ लाटून त्याच्या पट्ट्या कापतात आणि उकळत्या रस्स्यात सोडतात. आपली वरणफळं, कुणाकडे चकोल्या, हुबेहूब हीच युक्ती करतात, फक्त खाली कोंबडीऐवजी डाळ. गोळे आणि पट्ट्या या दोन पंथांत तिकडे जोरदार वाद चालतात. मला आश्चर्य वाटतं ते गोळ्यांचं, पण पोट भरून खायला पट्ट्याच बऱ्या.

दोन्हीकडे एक गोष्ट फुकटात घडते. पिठातले स्टार्चचे कण साधारण 60 अंशांच्या आसपास पाणी शोषून फुगायला लागतात. गोळ्यावरून सुटलेलं पीठ रस्स्यात असंच फुगतं आणि रस्सा आपोआप दाट होतो. दाट झाला की तो लवकर निवतही नाही. का? याचा माग काढणारा माणूस या पातेल्याशी भलत्याच वाटेने जोडलेला आहे. हॉर्सफर्ड ज्या पदावर होते ते काउंट रम्फर्डच्या नावाचं होतं, म्हणूनच त्यांच्या कारखान्याला आणि बेकिंग पावडरलाही रम्फर्ड हेच नाव मिळालं. आणि या रम्फर्डला अठराव्या शतकाच्या अखेरीस एका प्रश्नाने पछाडलं होतं: शिजवलेलं सफरचंद आणि तांदळाचं दाट सूप इतका वेळ गरम कसं राहतं? त्याच्या ध्यानात आलं की पातळ द्रवात गरम भाग वर जातो, गार भाग खाली येतो, आणि या फिरण्यातून उष्णता बाहेर पडते. द्रव दाट असेल तर फिरणंच थांबतं, उष्णता मध्येच अडकते. वरचा थर निवलेला, आत मात्र तोंड भाजेल असं!

म्हणून वाटी समोर आली की चमचा मधोमध घालू नये. काठाकाठाने खावं.